निगेटिव्ह म्हणजे सापडला नाही, एवढंच

मीराताईंचा आवाज इतका हळू, की नळाला पाणी आल्याचं त्यांनी सांगितलं तर ते शेजारणींना पाणी गेल्यावर कळायचं. भाजीवाला दोनदा विचारायचा आणि वैतागून एक जुडी जास्तच द्यायचा. विहारातल्या बायका चेष्टा करायच्या, "मीराताई वंदना म्हणतात ती फक्त भगवंतालाच ऐकू जाते."

पण म्हणायच्या रोज. घाटकोपरच्या त्या घरात सून म्हणून आल्यापासून पहाटेचं पंचशील त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. प्रबुद्धच्या वेळी बाळंतपणात अंथरुणातून म्हटलं, सासू गेली त्या सकाळी रडत रडत म्हटलं. पौर्णिमेला अष्टशील, पांढरं लुगडं, दुपारनंतर अन्न नाही. त्या कुणाला म्हणाल्या नव्हत्या, पण पाचांपैकी चौथं शील त्यांना सगळ्यांत अवघड वाटे. बाकीची चार आपल्या आपण पाळता येतात. खोटं न बोलण्याला समोर माणूस लागतो, आणि माणसासमोर बोलायचं म्हटलं की मीराताईंचा घसा कोरडा पडायचा.

नवरा, भीमराज, सगळ्या बाबतीत उलटा. विहार समितीचे कार्यवाह. माइक दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. कुणी "दोन शब्द बोला" म्हटलं की लोक आधी पाणी पिऊन घ्यायचे.

मुलाचं, प्रबुद्धचं, लग्न मुलुंडच्या दीप्तीशी ठरून दोन वर्षं होत आली होती. एकदा कोरोनाची दुसरी लाट आडवी आली. मग दीप्तीचे वडील शिवदास यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि त्यांच्या बायकोने, शेवंतीने, आपलं एक काढून दिलं. ऑपरेशन झकास झालं. पण दिलेला अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून शिवदासना जन्मभर ज्या गोळ्या होत्या, त्या अंगातली प्रतिकाराची ताकदच मारून ठेवत. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, लशीचे डोस झाले म्हणून बेफिकीर राहू नका, तुमच्या अंगात लस पुरती लागलीच असेल असं नाही. त्यामुळे बावीसच्या जानेवारीत, तिसरी लाट ऐन भरात असताना, शिवदासनी एकच अट घातली होती. मोजकी माणसं आणा, आणि येण्याआधी सगळ्यांची टेस्ट करा.

लग्न रविवारी होतं. बुधवारी मीराताई आणि त्यांची मैत्रीण द्रौपदी विहारात पताका शिवत बसल्या होत्या. बाहेर रस्त्याचं काम चालू होतं, धूळ नको म्हणून खिडक्या लावलेल्या. द्रौपदीचा गळा मोठा, तिने दुपारभर लग्नातली गाणी म्हटली. मास्क हनुवटीला. मीराताई तिच्या मांडीला मांडी लावून दोरा ओवत होत्या. गुरुवारी द्रौपदी तापाने फणफणली, आणि शुक्रवारी पालिकेच्या दवाखान्यात तिच्या अँटिजेन पट्टीवर दोन रेघा बघता बघता उमटल्या.

मीराताई त्याच दिवशी त्याच दवाखान्यात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या पट्टीवर एकच रेघ आली.

"निगेटिव्ह," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि कपाळावर चष्मा. "पण बिनधास्त होऊ नका."

"म्हणजे मला नाही ना?"

"काय म्हणालात?"

"मला नाही ना?" मीराताईंनी पुन्हा विचारलं.

"म्हणजे पट्टीला सापडला नाही, एवढंच. ताप, खोकला असला की नाकात विषाणू भरपूर असतो, पट्टी पटकन पकडते. तुमच्या मैत्रिणीचं तसंच झालं. तुमच्यासारख्या ठणठणीत माणसात ती फार चुकते. लक्षणं नसलेले दहा बाधित समोर बसवले, तर चार-पाच जणांना ती घरी सोडून देईल. शिवाय तुम्ही परवाच संपर्कात आलात. आज नाही सापडला तर उद्या सापडेल."

"किंवा कधीच नाही?"

"किंवा कधीच नाही. असंही होतं." डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच जरा हसल्या. "आरटीपीसीआरसाठी स्वॅब घेते. लॅबवर ताण आहे, रिपोर्ट रविवारपर्यंत येईल. तोवर घरी राहायचं. नंतरही आठवडाभर कुणात मिसळू नका."

"रविवारी मुलाचं लग्न आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मीराताईंकडे नीट पाहिलं. "मग तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मीराताईंनी ते तिथल्या तिथे ठरवलं. लग्नाला जायचं नाही. बौद्धाचार्य वधूवरांच्या आईवडिलांना सगळ्यांसमोर संमती विचारतात, ती फोनवरून देता येईल. राहिला प्रश्न घरच्यांचा. भीमराज आणि प्रबुद्ध त्यांच्याच हातचं जेवले होते.

"शिवदासभाऊंना द्रौपदीचं सांगा," त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी तिच्याजवळ बसले होते तेही सांगा. मग ते म्हणतील तसं करू. पुढे ढकला म्हणाले तर ढकलू."

"अगं, तिसऱ्यांदा? लोक काय म्हणतील, पोरात खोट आहे?"

"सांगाल ना?"

"सांगतो."

शनिवारी दुपारी त्यांनी परत विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? या म्हणाले." आणि भीमराज चष्मा पुसायला लागले.

रविवारी सकाळी इमारतीच्या जिन्याखाली प्रितमने कॅम्प लावला. प्रितम भीमराजांचा पुतण्या, उत्साही, कुठेही पुढे. केमिस्टकडून घरी करायच्या टेस्टचे खोके आणले होते. प्रत्येकाच्या नाकाच्या दारात गुदगुल्या केल्यासारखी काडी फिरवायचा, आणि एक रेघ आली की छातीवर निळी रिबीन टाचायचा.

"रिबीनवाला म्हणजे एकदम सेफ! हॉलमध्ये मास्क काढा, फोटो काढा, बिनधास्त," प्रितम सांगत होता. एकालाही दोन रेघा आल्या नाहीत. प्रत्येक रिबिनीला टाळ्या पडल्या.

मीराताई दारात, सगळ्यांपासून लांब उभ्या होत्या. प्रितमने त्यांनाही एक काडी दिली, त्यांनी ती आपल्या हाताने नाकात नीट आतपर्यंत फिरवली, डोळ्यांतून पाणी आलं. एकच रेघ.

"घ्या, काकी पण सेफ!" प्रितम रिबीन घेऊन पुढे झाला.

"नको रे. तिथेच थांब."

भीमराजांचा पारा चढला. "दोनदा टेस्ट निगेटिव्ह आली ना तुझी?"

"आली."

"मग तुला अजून काय पाहिजे? कोर्टाचा निकाल?"

"पट्टीला सापडला नाही, एवढंच कळलंय मला. नाही, असं कळलेलं नाही."

"चाळीस माणसं खोटी आणि तू एकटी खरी?"

"माणसं कशाला खोटी असतील," मीराताई म्हणाल्या. "पट्टीला जे सांगता येत नाही, ते तिच्या तोंडी घालतायत."

"आई, चल ना गं," प्रबुद्ध म्हणाला. पांढऱ्या सदऱ्यात तो कधी नव्हे इतका देखणा दिसत होता. "पप्पांनी सांगितलंय ना त्यांना सगळं. त्यांना चालतंय तर."

मीराताईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी लांबूनच पोराला डोळे भरून पाहिलं. "खिडक्या उघड्या ठेवा गाडीच्या," एवढंच म्हणाल्या. "राहा मग घरी!" असं ओरडून भीमराज बसमध्ये चढले, आणि वऱ्हाड मुलुंडला गेलं.

घर एकदम रिकामं झालं. मीराताई भांडी लावत होत्या तोच फोन वाजला. शेवंती.

"जय भीम ताई! निघालात ना? या लवकर. मी सकाळपासून गजरा तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. दोघी गळ्यात गळा घालून फोटो काढू, दोन वर्षं वाट बघितली. आणि द्रौपदीबाई गावाला गेल्या म्हणे? भीमराजदादा म्हणाले काल. त्यांची गाणी ऐकायची होती हो..."

मीराताईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"गावाला नाही," त्या म्हणाल्या. "शेवंतीताई, द्रौपदी गावाला नाही गेली. ऐका, तिला..."

"हॅलो? काय? ताई, इथे स्पीकर लावलाय, काही ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला!"

"तिला कोरोना..."

"या हो, समोरासमोर बोलू!" आणि फोन बंद.

त्यांनी पुन्हा लावला. वाजत राहिला. भीमराजांना लावला, त्यांनी कापला. प्रबुद्धचा प्रितमच्या खिशात असणार, नवऱ्या मुलाचा फोन नेहमी दुसऱ्याच्याच खिशात असतो.

मीराताई क्षणभर बुद्धरूपासमोर उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, तेवढा वेळच नव्हता. दोन मास्क एकावर एक चढवले, चप्पल पायात सरकवली आणि खाली जाऊन रिक्षा थांबवली.

"मुलुंड. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा, पडदा सोडू नका. आणि भाऊ, तुमचा मास्क नाकावर घ्या."

"क्या बोला मौसी?"

"मास्क!" मीराताई म्हणाल्या. स्वतःच्याच आवाजाने त्या जरा दचकल्या.

मुलुंडचा हॉल एका सोसायटीच्या तळमजल्यावर होता. काचा बंद, एसी चालू. पुढे गाड्या लावायचं मोकळं आवार. मीराताई फाटकापाशी उतरल्या आणि तिथेच, एका पिंपळाच्या रोपाशेजारी, थांबल्या. काचेतून सगळं दिसत होतं. भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर मेणबत्त्या तेवत होत्या. रिबीनवाले सगळे, एकाच्याही तोंडावर मास्क नाही. भीमराज माइकवर. आणि त्यांच्या अगदी समोर, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत, शिवदास. त्यांनी एकट्याने मास्क लावलेला. व्याह्याचं भाषण रंगात आलं होतं आणि शिवदास टाळ्या वाजवत होते.

मीराताई फाटकातून "अहो" म्हणाल्या, पण कुणाला ऐकू जाणार? शेवटी वाढप्याचं काम करणाऱ्या एका बाईला त्यांनी खुणेने शेवंतीला बोलवायला सांगितलं.

शेवंती धावत आली. पांढरी जरीकाठी साडी, हातात गजरा, चेहरा नुसता फुललेला. "ताई! इथे का उभ्या? चला आत!" आणि दोन्ही हात पसरून पुढे आली.

मीराताई मागे सरल्या.

शेवंतीला वाटलं पाय अडखळला असेल. ती आणखी पुढे आली. मीराताई आणखी मागे सरल्या आणि त्यांनी तळवा समोर धरला. "नको. जवळ येऊ नका."

गजरा शेवंतीच्या हातात तसाच राहिला. तोवर तिच्यामागून पाच-सात जण बाहेर आले होते. त्यांत शिवदासांचे थोरले भाऊ होते, जालन्याहून आलेले, सगळे ज्यांना मोठे काका म्हणत. त्यांनी तो समोर धरलेला तळवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"काय हो विहीणबाई? शिवायचं नाही का आम्हाला?"

"काका, तसं नाही..."

"मग कसं? आं? आमच्या आजाला पाणवठ्यावरून लांब उभं केलं लोकांनी. ते लोक परके होते. तुम्ही आपल्यातल्या ना? आपल्यातच विटाळ आणला? पोरगी पसंत नसेल तर तोंडानं सांगा, हात कशाला दाखवता?"

आता भीमराजही आले होते, भाषण अर्धं टाकून. "मीरा! काय तमाशा आहे हा? आधी येत नाही म्हणालीस, आता येऊन व्याह्यांचा अपमान करतेस? सगळ्यांचे रिपोर्ट निगेटिव्ह आहेत, काका. हिचासुद्धा. उगाच हिच्या डोक्यात काहीतरी भरलंय."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत दरडावणं होतं आणि त्याच्याखाली विनवणीही होती. तीस वर्षांत मीराताईंनी चारचौघांत नवऱ्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. काचेपलीकडे शिवदास वळून बघत होते, कोपराने खुर्चीला रेलून.

"द्रौपदी गावाला गेलेली नाही," मीराताई म्हणाल्या.

"काय म्हणतात? मोठ्यानं बोला की," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात गर्दीतून दीप्ती आली. नवरी. कुणाचं न ऐकता आतून माइक घेऊन आली होती, मागे लांबलचक वायर. तिने माइक एका स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि मागे सरली. "बोला आई," ती म्हणाली. "काय आहे ते सगळ्यांना कळू दे."

मीराताईंनी माइक उचलला. तो आधी कुई करून ओरडला.

"द्रौपदी गावाला गेलेली नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आत हॉलमध्ये, बाहेर आवारात, वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांपर्यंत गेला. "ती घरी आहे. तिला कोरोना झालाय. बुधवारी मी दुपारभर तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते, खिडक्या बंद करून. त्याच हातांनी मी यांना जेवायला वाढलं, प्रबुद्धला वाढलं. हे शिवदासभाऊंना सांगायचं होतं. सांगितलं गेलं नाही."

"पप्पा?" प्रबुद्ध म्हणाला. भीमराजांनी मान फिरवली.

"माझी टेस्ट निगेटिव्ह आहे, ते खरं आहे. दोनदा. इथल्या प्रत्येकाची आहे. पण अंगात काही होत नसताना ही पट्टी फार चुकते. आहे त्याला नाही म्हणते. आमच्यातल्या कुणात असेल, कुणात नसेल, मला माहीत नाही. प्रितमला माहीत नाही, यांना माहीत नाही. आम्हाला माहीत नाही, एवढंच खरं आहे. आणि आम्ही काय केलं, तर छातीला रिबीन लावून, तोंडं उघडी टाकून, बंद खोलीत त्या माणसासमोर भाषणं केली."

"पण काकी, निगेटिव्ह..." प्रितमने सुरुवात केली.

"गप रे," प्रबुद्ध म्हणाला.

मोठे काका अजून निवळले नव्हते. "म्हणून लांब उभं करायचं माणसाला?"

मीराताई त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुमच्या आजाला ज्यांनी लांब उभं केलं ते स्वतःला शुद्ध समजत होते. मी नाही समजत. म्हणून मी लांब उभी आहे. तुम्ही कुणीही मागे सरू नका, सरायचं ते आम्ही सरू. माझी संमती विचाराल तर मी या फाटकातून देईन. पण शिवदासभाऊ त्या हॉलमध्ये बसलेले असतील, तर देणार नाही. मग लग्न लागलं नाही तरी चालेल. मला पोराच्या लग्नापेक्षा मोठं काय असणार? तरी चालेल."

शेवंतीने गजरा स्कूटरच्या आरशाला अडकवला. "एक किडनी दिली मी," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "दुसरी देता येत नाही." मग वळली आणि तिचा आवाज असा काही चढला की मीराताईंनाही माइक खाली घ्यावासा वाटला. "खुर्च्या बाहेर काढा! सगळ्या! गाड्या हलवा. ज्याच्या तोंडावर मास्क नाही तो आधी फाटकाबाहेर. भीमराजदादा, तुम्ही सुद्धा! आणि यांची खुर्ची त्या टोकाला, वाऱ्याला. मीच बसेन यांच्याजवळ, दुसरं कुणी नाही."

लोक कुरकुरले, पण मास्क चढवून हलले. तसबिरी बाहेर आल्या, टेबलावर ठेवल्या, वाऱ्याने मेणबत्त्या विझायला लागल्या म्हणून बायकांनी पुठ्ठ्याचे आडोसे केले. बौद्धाचार्यांनी मास्कमधूनच विधी केला, त्यांचं अर्धं कुणाला कळलं नाही. वधूवरांनी प्रतिज्ञा घेतल्या. संमती विचारायची वेळ आली तेव्हा सगळ्या माना फाटकाकडे वळल्या.

"आहे," मीराताई तिथून म्हणाल्या. या वेळी माइक लागला नाही.

भाषणं रद्द झाली. भीमराजांना ते बायकोच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं असावं. ते भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवले.

जेवणं उरकत असताना मीराताईंचा फोन वाजला. रिपोर्ट. त्यांनी उघडून पाहिला, आणि लपवायचा विचारही मनात आला नाही. "निगेटिव्ह आहे," त्यांनी लांबूनच सांगितलं.

आवारात हशाच पिकला. सुटकेचा, थोडा खवचट. भीमराज ताडकन उठले. "बघा! बघा! एवढं रामायण कशासाठी? मोठी टेस्ट, तीसुद्धा निगेटिव्ह. आता तरी समाधान झालं ना? चला शिवदासभाऊ, व्याहीभेट राहिलीय आपली. आणि उद्या परतणीला दोघांना पाठवतो, परवा न्यायला येतो."

मोठे काकाही हसत पुढे झाले. "चला, झालं गेलं. विहीणबाई, आता हात जोडून सांगतो, गळाभेट होऊ द्या."

मीराताईंकडे सगळे बघत होते. हो म्हटलं असतं तर त्या क्षणी सगळं गोड झालं असतं. नवराही हसला असता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आता काय?"

"हा शुक्रवारच्या नाकाचा रिपोर्ट आहे. आज रविवार आहे. आणि हा माझा एकटीचा आहे. तुमचा कुठे आहे? प्रितमचा? प्रबुद्धचा? तुम्ही चाळीस जण सकाळपासून गाडीत, हॉलमध्ये एकत्र आहात."

"अगं, पण तू सांगत होतीस ते चुकलं की! तुला नव्हता!"

"मला आहे असं मी कधी म्हटलंच नाही. मला माहीत नाही म्हटलं. सकाळी ते खरं होतं, आत्ताही खरं आहे. व्याहीभेट नाही. परतणीही नाही, आठवडाभर तरी. मग ज्याला काही झालं नसेल त्याने यावं, उन्हात बसावं, हवं तेवढं बोलावं."

"परतणी नाही?" हे दीप्ती म्हणाली. आत्तापर्यंत ती सासूच्या बाजूने होती. आता तिचे डोळे भरले होते. "माझ्या बाबांना मी कधी भेटायचं ते तुम्ही ठरवणार, आई? पहिल्याच दिवशी?"

हे मात्र मीराताईंना लागलं.

"तू ठरव," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा आहेत. आजपासून तू प्रबुद्धच्या श्वासाला श्वास लावून राहणार, आणि त्याच्याबद्दल मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. हे माहीत असून जायचं असेल तर जा. मी दार अडवणार नाही. पण काही होणार नाही, जा, असं माझ्या तोंडून यायचं नाही. तू रागावलीस तरी नाही."

दीप्तीने नाक ओढलं. बराच वेळ ती आवाराच्या त्या टोकाला बघत राहिली, जिथे शिवदास खुर्चीत बसले होते आणि शेवंती त्यांच्या मांडीवर ताट धरून होती. मग ती दोन पावलं त्यांच्याकडे गेली आणि थांबली. तिथूनच तिने नवरीचा पदर कमरेला खोचला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली,

"बाबा! मी पुढच्या रविवारी येते!"

"काय?"

"पुढच्या रविवारी! आणि रात्रीची गोळी आईच्या भरवशावर सोडू नका, ती विसरते!"

"अगं, घेतो, घेतो!" शिवदासही ओरडले, आणि ओरडता ओरडता हसू लागले. "सगळ्या मुलुंडला सांगू नको!" मग त्यांनी ताट बाजूला करायला सांगितलं, शेवंतीच्या खांद्याला धरून उभे राहिले, आणि तेवढ्या लांबून फाटकाकडे तोंड करून हात जोडले. "जय भीम, ताई!"

अख्खं आवार आणि खुर्च्यांचा सगळा पसारा मधे होता.

"जय भीम!" मीराताई म्हणाल्या, आणि ते शिवदासना ऐकू गेलं.